गादीचा वारस

लहानपणी आम्ही ज्या गोष्टी ऐकल्या, त्यांत राजपुत्राएवढा भाग्यवान प्राणी दुसरा कोणी नसे. त्याला स्वतः काही मिळवावे लागत नसे. राज्य बापाने मिळविलेले, खजिना आजोबांनी भरलेला, हत्तीघोडे पणजोबांपासून चालत आलेले. राजपुत्राने फक्त योग्य घरी जन्मास यावे, एवढेच काय ते त्याचे कर्तृत्व! आमचे बालपण चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीजवळ गेले. वडील पाळीप्रमाणे खाली उतरत आणि पाळी संपली की काळवंडलेल्या अंगाने वर येत. त्यांच्यापासून आम्हास मिळण्यासारखे काही असेल, तर ते म्हणजे एक कंदील, एक पितळी डबा आणि बेताचे कर्ज. तेव्हा गोष्टीतल्या राजपुत्राचा आम्हास हेवा वाटे, यात नवल ते काय?

मोठेपणी 'वारस' हा शब्द आमच्या कानी पडला तो गोष्टीत नव्हे, तलाठ्याच्या दप्तरात. आमच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ वारले. मागे दोन मुलगे आणि धानाच्या चार बांध्या. वारसनोंदीचा अर्ज झाला, फेरफारास हरकत आली, आणि मधला धुरा कोणाचा या प्रश्नावरून दोघे सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगणातून जाईनासे झाले. त्या साली पऱ्हे भरले होते, पाऊसही वेळेवर आला होता. पण कोणी कोणास रोवणी करू देईना. हिरवीगार पऱ्हे जागच्या जागी पिवळी पडली. त्या म्हाताऱ्याने जन्मभर राबून जमीन राखली होती, ती वारसांच्या हाती येताच पहिल्याच हंगामात पडीक राहिली. वारसा म्हणजे निव्वळ भाग्य, ही आमची समजूत तेथेच संपली.

पुढे इतिहासाची पुस्तके हाती आली, तेव्हा आम्ही जाणूनबुजून वारसांचीच चरित्रे शोधू लागलो. दूर कोठे जावे लागले नाही. ज्या मुलखात आम्ही राहतो, त्याचेच दैव वारसांच्या भांडणांवर दोनतीनदा फिरलेले आहे.

आमच्या तुमसर तालुक्यात अंबागड नावाचा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या अमलात, सुमारे 1700 साली, राजखान नावाच्या पठाण सरदाराने तो बांधिला. बख्त बुलंदानेच नागपूर वसविले. त्याच्यामागून चांद सुलतान याने त्या शहरास तट घातला व तलाव बांधिला. चांद सुलतान वारल्यावर वलीशहा नावाच्या, बख्त बुलंदाच्या अनौरस पुत्राने गादी बळकाविली. तेव्हा चांद सुलतानाची विधवा राणी रतनकुंवर हिने आपल्या मुलांच्या हक्कासाठी वऱ्हाडातून रघूजी भोसल्यास बोलाविले. रघूजीने बंडखोराचे पारिपत्य केले, मुलांना गादीवर बसविले आणि मोबदला घेऊन तो परत गेला. येथवर सारे ठीक झाले. परंतु लवकरच ते दोन भाऊ, बुऱ्हाणशहा आणि अकबरशहा, आपसांत लढू लागले, आणि 1743 त रघूजीस पुन्हा पाचारण करण्यात आले. या खेपेस पाहुणा परत गेला नाही. अकबरशहास देशोधडीस लागावे लागले. बुऱ्हाणशहाचे राजचिन्ह राहिले, मान राहिला, नेमणूक राहिली. राज्य मात्र भोसल्यांचे झाले. अंबागडही त्यांच्याकडे गेला आणि त्याचा तुरुंग झाला. तेथील कैद्यांना विहिरीचे कुजके पाणी प्यावयास लावून मारीत, असे या भागात सांगतात.

भोसल्यांना नागपूरचे राज्य मिळाले ते असे, दुसऱ्याच्या घरातील वारसांच्या कलहामुळे. ही गोष्ट त्यांनी आपल्या मुलांना नीट समजावून सांगितली असती, तर पुढचा इतिहास कदाचित निराळा झाला असता. पण तसे घडले नाही, आणि आमच्या आजच्या निबंधाचा नायक त्याच न शिकलेल्या धड्यात जन्मास आला.

पहिला रघूजी 1755 त वारला. त्याला चार मुलगे होते: जानोजी, मुधोजी, साबाजी आणि बिंबाजी. जानोजी आणि मुधोजी यांत गादीसाठी तंटा झाला. अखेर पेशव्यांच्या मध्यस्थीने जानोजीस सेनासाहेबसुभा हे पद आणि नागपूरची गादी मिळाली. मुधोजीस सेनाधुरंधर हा किताब व चांद्याचा प्रदेश मिळाला. बिंबाजी छत्तीसगडात व साबाजी दारव्ह्यास राहिला. जानोजीस पुत्र नव्हता. म्हणून त्याने मुधोजीचा मुलगा रघूजी, म्हणजे आपला पुतण्या, दत्तक घेण्याचे ठरविले व पेशवा माधवराव याची त्यास संमती मिळविली. एका अल्पवयीन मुलाच्या माथी आजोबांचे नाव तर होतेच. आता आजोबांचे राज्यही आले.

जानोजी 1772 त वारला. दत्तकाचे काम पक्के होते, संमती होती, मुलगा हयात होता. मग अडचण कोठे आली? अडचण एवढीच, की मुलगा लहान होता आणि त्याच्या नावाने कारभार कोणी करावयाचा, हे ठरलेले नव्हते. साबाजीने जानोजीची विधवा दर्याबाई हिच्याशी संधान बांधून कारभार हाती घेतला. मुधोजी मुलाचा जन्मदाता. तो आपला हक्क सांगू लागला. त्याच सुमारास पुण्यास पेशव्यांच्या घरात मोठी उलथापालथ चालू होती. तेथे जो पक्ष वर येई, त्याप्रमाणे नागपूरच्या एका किंवा दुसऱ्या चुलत्याची बाजू वर येई. अशी तीन वर्षे गेली. मुलूख लुटला गेला तो दोघांच्याही फौजांकडून, आणि तो सारा, पाहा, त्या मुलाच्या हक्काच्या नावाने!

26 जानेवारी 1775 रोजी नागपूरजवळील पाचगाव येथे दोघे भाऊ समोरासमोर आले. साबाजीचे पारडे जड होते. मुधोजीचा हत्ती वेढला गेला, लढाई जवळजवळ संपली, आणि साबाजी भावास शरण आणण्यासाठी पुढे आला. त्या क्षणी मुधोजीने त्याच्यावर गोळी झाडिली. साबाजी पडला, त्याचे सैन्य पांगले आणि रघूजीची गादी निष्कंटक झाली.

विद्यार्थिमित्रहो, या ठिकाणी आम्ही वाचता वाचता नेहमी थांबतो. इतिहासकार पुढे जातात, कारण त्यांना मुधोजीच्या कारभाराचा वृत्तान्त सांगावयाचा असतो. आमचे मन मात्र त्या मुलापाशी घोटाळते. त्याच्या बापाने त्याच्या चुलत्यास ठार मारिले, आणि ते त्याच्यासाठी! त्याने हे मागितले नव्हते. त्याला कोणी विचारलेही नव्हते. परंतु ज्या आसनावर तो बसणार, त्याच्या पायथ्याशी घरचेच रक्त सांडले होते. गोष्टीतल्या राजपुत्राचा हेवा करणाऱ्या मुलांनी हा प्रसंग एकदा अवश्य वाचावा.

यापुढे मुधोजी 1788 त मरेपर्यंत कारभार त्याच्याच हाती राहिला. शिक्का मुलाचा, हुकूम बापाचा. इंग्रज-मराठ्यांच्या पहिल्या युद्धात नाना फडणिसाने इंग्रजांविरुद्ध जो मोठा कट जुळविला, त्यात नागपूरकरांनी बंगालवर स्वारी करावी असे ठरले होते. मुधोजीने आपला दुसरा मुलगा चिमणाबापू यास फौज देऊन कटकाकडे धाडिलेही. पण ती फौज मुद्दाम रेंगाळत गेली आणि वॉरन हेस्टिंग्जने पैसा देऊन तिला थोपविले. पुण्यास नाराज करावयाचे नाही आणि कलकत्त्यासही दुखवावयाचे नाही, अशी ती दुहेरी चाल होती. हे सारे राजकारण ज्याच्या नावाने चालले, तो रघूजी सोळा वर्षे राजा म्हणवीत होता, परंतु राज्य कसे करावे हे शिकण्याऐवजी आपल्या नावाचा उपयोग इतर लोक कसा करितात, हेच तो पाहात होता. आमच्या मते त्याच्या पुढील स्वभावाची किल्ली येथेच आहे.

स्वतंत्र झाल्यावर आरंभी त्याचे दैव चांगले होते. 1795 च्या खर्ड्याच्या लढाईत निजामाविरुद्ध तो पेशव्यांच्या बाजूने उभा राहिला. शतकाच्या अखेरीस होशंगाबाद आणि गढा-मंडला हे प्रदेश त्याच्या राज्यास जोडले गेले. वऱ्हाडापासून कटकच्या समुद्रापर्यंत त्याचा अंमल होता. पुढे इंग्रज अधिकाऱ्यांनीही लिहून ठेविले आहे, की त्या शतकाच्या शेवटापर्यंत नागपूरकरांचा कारभार एकंदरीत चांगला असून मुलूख सुखी होता.

मग 1803 साल उजाडले. शिंद्यांच्या जोडीने रघूजी इंग्रजांशी युद्धास उभा राहिला. 23 सप्टेंबरला असईस पराभव झाला. 29 नोव्हेंबरला वऱ्हाडात अडगाव येथे त्याचा भाऊ व्यंकोजी याच्या हाताखालील सैन्य मोडले. 15 डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. कटक प्रांत इंग्रजांकडे गेला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे गेला. आजोबांनी मिळविलेल्या राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा नातवाच्या हातून तीन महिन्यांत निसटला.

तहानंतर नागपूरच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट राहू लागला. 1804 त या जागी आला तो मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. हा स्कॉटलंडमधील एका लॉर्डाचा चौथा मुलगा. तिकडील रीतीप्रमाणे किताब आणि मिळकत थोरल्या मुलाकडे जावयाची. धाकट्यांनी आपापली वाट शोधावयाची. म्हणून हा सोळा वर्षांचा पोरगा 1796 त कंपनीच्या नोकरीवर कलकत्त्यास येऊन उतरला. असई, अडगाव आणि गाविलगड या तिन्ही ठिकाणी तो वेलस्लीबरोबर हजर होता. 1808 पर्यंत तो नागपुरास राहिला. पुढे पुण्याचा रेसिडेंट आणि 1819 ते 1827 मुंबईचा गव्हर्नर झाला. त्या चार वर्षांत नागपूरच्या दरबारात दोन माणसे समोरासमोर बसत असतील: एक, ज्याला जन्मतःच सर्व काही मिळाले आणि जो ते गमावीत होता, दुसरा, ज्याला जन्मतः काही मिळावयाचे नव्हते आणि जो एकेक पायरी चढत होता. एल्फिन्स्टनाने केले ते सर्व आपल्या देशाच्या हिताचेच होते असे आम्ही म्हणत नाही. तो परक्या सत्तेचा वकील होता आणि त्याची बढती आमच्या लोकांच्या पराभवावर उभी होती. तरीपण ही दोन चरित्रे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत, यात संशय नाही.

आता रघूजीने गमावलेल्या राज्याचे पुढे काय झाले, त्यापेक्षा उरलेल्या राज्याचे काय झाले, हे आम्हास अधिक महत्त्वाचे वाटते. कारण त्या उरलेल्या राज्यातच वैनगंगेचे हे खोरे होते. तिसरा हिस्सा गेला, पण दरबाराचा खर्च कमी झाला नाही. ती तूट उरलेल्या रयतेकडून भरून काढण्याचा रघूजीने सपाटा लाविला. गावांचा आकार वाढला, नवे कर बसले. शिपायांचे पगार थकले, तेव्हा शिपाई शेतकऱ्यांस लुटून पोट भरू लागले. राजाचा पैशाचा लोभ पाहून लोक त्याला 'बडा बनिया' म्हणू लागले. त्यातच पेंढाऱ्यांची धाड सुरू झाली. 1811 त त्यांनी नागपूरच्या बाहेरच्या वस्त्या जाळिल्या. गावोगावी ज्या मातीच्या गढ्या दिसत, त्यांतील पुष्कळशा याच काळात उभ्या राहिल्या. धाड आली की माणसे गढीत शिरत आणि जीव वाचवीत. बाहेरचे धान, गुरे, घरे गेली असेच धरून चालत. असईच्या मैदानावर कोण हरले हे ज्या कुणब्याला ठाऊकही नव्हते, त्याने त्या पराभवाची किंमत आपल्या कोठीतून भरली.

रघूजी 1816 च्या मार्चमध्ये वारला. त्याचा मुलगा परसोजी आंधळा व पंगू होता. पुतण्या अप्पासाहेब कारभारी झाला आणि त्याने त्याच वर्षी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. 1817 च्या फेब्रुवारीत परसोजी अंथरुणात मृत आढळला आणि अप्पासाहेब गादीवर आला. त्याच नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली व राज्याचे स्वातंत्र्य संपले. इंग्रजांनी पुन्हा एक लहान मुलगा, रघूजीच्या मुलीचा मुलगा, गादीवर बसविला. तिसरा रघूजी तो हाच. तो 1853 त निपुत्रिक वारला. लॉर्ड डलहौसीने दत्तक मान्य केला नाही आणि 1854 त राज्य खालसा झाले. ज्या घराण्यात ऐंशी वर्षांपूर्वी एका दत्तक मुलाच्या हक्कासाठी भावाने भावास मारिले, त्याच घराण्याचे राज्य दत्तकाचा हक्क नाकारून बुडविण्यात आले. आणि योगायोग असा, की 1853 सालीच मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनाचा पुतण्या, म्हणजे त्या स्कॉटिश घराण्याच्या गादीचा वारस तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन, मुंबईचा गव्हर्नर झाला.

असो. रघूजीस दोष देण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. ज्याला बालपणी कोणी राज्य चालविण्याचे शिक्षण दिले नाही, ज्याच्या नावाचा उपयोग बाप, चुलता, चुलती आणि दूरचे दरबार यांनी आपापल्या कामासाठी केला, तो मोठेपणी राज्याकडे केवळ आपली मिळकत म्हणून पाहू लागला, तर त्याचा सारा दोष त्याच्या एकट्याच्या पदरी कसा बांधावा? त्याला वारसा मिळाला होता. तो पेलण्याची ताकद मात्र कोणी दिली नाही. राज्य कोणाचे, यासाठी सारे लढले. राज्य कशासाठी, हे त्या मुलास सांगण्यास कोणास सवड झाली नाही.

याच मुलखात, याच काळात, दुसऱ्या एका प्रकारचा वारसाही चालत होता. भंडारा-गोंदियाकडे तलाव किती आहेत, हे येथील वाचकांस सांगावयास नको. त्यांतील कितीतरी कोहळी लोकांनी बांधिले. जो तलाव बांधील त्यास जमिनीची सूट द्यावयाची, अशी गोंड राजांची रीत होती. कोहळ्याने पाळ घातली, मुलाने ती उंच केली, नातवाने पाट काढिले. त्यांची नावे बखरीत नाहीत. पण देवगड गेले, नागपूरकर गेले, इंग्रजही गेले, आणि धान अजून त्या पाण्यावर होते. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, आणि लोक त्यांना माजी मालगुजारी म्हणून 'मामा तलाव' म्हणू लागले. तेव्हापासून एक नवीच आपत्ती आली: सर्वांचा तलाव म्हणजे कोणाचाच नाही, असे होऊन अनेक ठिकाणी गाळ साचला, पाळीवर झुडपे माजली. या तलावांच्या वारसनोंदीस कोणी हरकत घेतली नाही, कारण कोणी अर्जच केला नाही!

आमच्या खाणीचेही असेच आहे. मँगनीज ही भूमीने दिलेली मिळकत; पोलाद घट्ट व्हावे म्हणून ती वापरितात. ब्रिटिश कंपनीच्या हातून 1962 त ती मॉइल या कंपनीकडे आली. पण खनिज हे धानासारखे दर साल उगवत नाही. काढले तितके कमी होते. तेव्हा चिखल्याच्या मुलाने 'बापाच्या जागी लागू' एवढाच वारसा धरून बसणे शहाणपणाचे नाही. बापाने अंधारात उतरून जे मिळविले, त्यातून त्याने मुलास शाळेत पाठविले. आमच्या मते खरा वारसा तो. कारण तो वापरला तरी कमी होत नाही आणि त्यासाठी धाकट्या भावाशी भांडावेही लागत नाही.

पालकहो, आपल्यामागे मुलांना काय द्यावे, याची चिंता आपण करिताच. बांधी द्यावी, घर द्यावे, चार भांडी द्यावीत. ते योग्यच आहे. परंतु ज्या दिवशी ते त्यांच्या हाती द्याल, त्याच्या पुष्कळ आधी त्यांना शेजारी बसवून एवढे सांगा, की हे कोणी, किती कष्टाने मिळविले. यावर आणखी कोणाकोणाचे पोट आहे. आणि धाकट्याचा वाटा कोणता. हे बोलणे दर्याबाईच्या, मुधोजीच्या आणि साबाजीच्या घरात वेळेवर झाले असते, तर पाचगावच्या मैदानावर भावास भावावर गोळी झाडावी लागली नसती.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हास आज जे मिळालेले आहे, ते मोजून पाहा. शाळा आहे, तीत शिकविणारे गुरुजन आहेत. गावाबाहेर कोणा अज्ञात माणसाने घातलेली तलावाची पाळ आहे. यांचे वारस तुम्ही आहात; त्यासाठी कोणाच्या संमतीची वा शिक्क्याची गरज नाही. येत्या उन्हाळ्यात गावच्या तलावाचे पाणी आटेल, तेव्हा तुमच्यापैकी दहा जणांनी घमेली घेऊन दोन दिवस गाळ काढिला, तर वारसनोंद झालीच म्हणून समजा.